आईला मी हुशार केलं

माझ्या आईनं एकदा एका खऱ्याखुऱ्या बँकेच्या माणसाला फोनवर हात जोडायला लावले होते. तो बिचारा कसली तरी कागदपत्रं जमा करायची आठवण करून देत होता. आईनं त्याचंच नाव, गाव, वडिलांचं नाव लिहून घेतलं आणि वर पोलिसांची धमकी दिली. मी दारात उभा राहून ऐकत होतो आणि अभिमानानं माझा ऊर भरून आला होता, कारण शिकवणी माझी होती.

झालं असं, की आमच्या नाशिकच्या कॉलनीत शेजारच्या काकांनी फोनवर ओटीपी सांगितला आणि त्यांची पेन्शन उडाली. (ते गणिताचे निवृत्त मास्तर!) त्याच दिवशी मी सात नियमांचा कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. अनोळखी नंबर, घाई, रडारड, दवाखाना, कार्डाचा नंबर, ओटीपी. यातलं काहीही आलं की फोन कापायचा. सातवा नियम माझा लाडका. हल्ली मशीन आवाजाचीही नक्कल करतं, तेव्हा ओळखीच्या आवाजावरसुद्धा विश्वास ठेवायचा नाही. आईनं पोळ्या लाटता लाटता सगळं पाठ केलं. महिन्याभरात ती इतकी तयार झाली, की सिलिंडरवाल्यानं कोड मागितला तरी ती आधी त्याचं ओळखपत्र बघायची.

एके दिवशी सकाळी अकराला तिला अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडचा रडत होता.

"मावशी, मी गणेश, येवल्याहून. आईला दवाखान्यात आणलंय, लय सीरियस हाय. माझा मोबाइल बंद पडलाय. सरकारी योजनेत उपचाराला तिच्या आधारचा नंबर पायजे, सांग लवकर, अन् तुझ्याकडं ओटीपी येईल तो पण."

(गणेशची आई म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. तिचं आधार कार्ड काढलं तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून आईचा नंबर जोडला होता. जोडणारा मीच.)

आईनं मनातल्या मनात नियम मोजले. सहाच्या सहा एकाच फोनमध्ये! मग त्या लोकांनी, आईच्या शब्दांत, 'बाईचा आवाज लावला.' "आक्का, मी गं. ये ना." आवाज हुबेहूब मावशीचा. म्हणजे सातवाही नियम बसला. आई म्हणाली, "चोरट्यांनो, लाज नाही वाटत? माझी बहीण धडधाकट आहे." आणि तिनं तो नंबर ब्लॉक करून टाकला.

दीडला मी जेवायला घरी आलो, तेव्हा तिनं वाढता वाढता हे सांगितलं. मी तिच्या पाठीवर थाप दिली. एवढ्यावर थांबलो नाही, त्या बाईच्या आवाजाची नक्कल करून हसलोही. आई हसली नाही. गणेशच्या बायकोला एकदा फोन लावून बघू का, असं तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, "कशाला उगाच तिला घाबरवतेस? जेव निवांत." संशय आला तर आपल्याजवळच्या नंबरावर आपण उलट फोन करायचा, हा साधा नियम माझ्या कागदावर नव्हता.

संध्याकाळी सातला गणेशचा फोन आला, त्याच्या स्वतःच्या नंबरावरून. मावशी साडेपाचला गेली होती. येवला आमच्यापासून दोन तासांवर. जेवून निघालो असतो तरी भेट झाली असती. आईनं हे एकदाही बोलून दाखवलं नाही. गाडीत मीच दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

तिथे आई मावशीच्या उशाशी बसली आणि गणेशला म्हणाली, "मी तिला चोर म्हटलं रे."

"नाय मावशी," गणेश म्हणाला. "ती हसली. म्हणली, आक्का लय हुशार झाली, आता तिला कुणी फसवायचं नाय."

आता आई प्रत्येक अनोळखी फोन उचलते आणि समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेते. भामटे रोज प्रयत्न करतात, पण त्यांना काही मिळत नाही. त्यांना माझ्याइतकं कुठे जमतंय? आईकडून तिच्या बहिणीचा शेवटचा फोन कापून घ्यायला मला साधा ओटीपीसुद्धा लागला नाही.