सुई खोचून उठायचं

"बोटं चालत नाहीत तर टेस्टिंगला आलीस कशाला? जा, बंदरावर मासे वीक."

व्हिडिओ कॉलवर आमचा पुण्याचा टीम लीड असं बोलला. स्क्रीनवरचे सगळे हसले. मी रत्नागिरीत, बंदरामागच्या खोलीत एकटी. मीही हसले. त्या मेल्या हसण्याची लाज अजून जात नाही.

काम असं होतं. कोड्यांचा एक जुना गेम नव्याने बनत होता. तो खेळायचा, चुका शोधायच्या. सेव्ह फक्त प्रकरण संपल्यावर. एका प्रकरणात सात कोडी, दीड तास. माझ्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून अधू. अर्ध्या तासात आखडतात. कॉलेजात असताना हाच गेम मी कितीदा पाचव्या कोड्यावर सोडलाय! पाचवं येत नव्हतं म्हणून नाही. पहिली चार परत करण्यात हात संपायचा. तेव्हा वाटायचं, आपणच ढ.

आता रिपोर्टात मी बोटांचं लिहिलं होतं, आणि कुठेही थांबता यावं, हेही. लीडचं म्हणणं, लोक सेव्ह करून अंदाज मारतील, चुकले की मागे येतील, कोडं सोपं होईल. मुद्दा खोटा नव्हता. म्हणून उपायही दिला होता: सेव्ह केलं की गेम बंद. परत उघडला की तिथूनच पुढे, आणि ती सेव्ह पुसलेली. थांबता येईल, मागे पळता येणार नाही. त्याने तो वाचलाच नाही. मासे वीक म्हणाला.

संध्याकाळी अब्बांजवळ जाऊन बसले. ते जाळं शिवत होते.

"काय झाला गो?"

"काय नाय."

सांगून काय सांगणार? त्यांना गेम कळत नाही, आणि कॉलवरच्यांना मी.

अजान झाली. अब्बांनी सुई जाळ्यात खोचली, उठले. नमाज पढून आले, सुई काढली, तिथूनच पुढे शिवायला लागले. असंच करतात सगळे. पहिल्यापासून शिव, तरच तू खरा, असं बंदरावर कोणी म्हणत नाही. माझं डोकं तडकलं. अरे, सुटलेलं कोडं पुन्हा पुन्हा सोडवण्यात कसली आलीय हुशारी? ही तर हमाली!

टेस्टिंगचा शेवटचा फॉर्म आला. त्यात एक रकाना: गेम पुरा करताना काही अडचण आली का? लीडचा मेसेज: "'अडचण नाही' वर टिक कर. नाहीतर पुढचं काम विसर."

पुढच्या कॉलवर, वर्षभर कॅमेऱ्याखाली लपवलेला हात मी वर धरला. म्हटलं, "बघा. याच हाताने पहिली चार कोडी कितीदा सुटलीत. गेम पुरा झाला नाही, कारण तुम्ही थांबू दिलं नाहीत. फॉर्मवर मी तेच लिहिलंय."

कोणी हसलं नाही. एकेक जण कॉलवरून निघून गेला.

त्यानंतर काम आलेलं नाही. न येऊ दे. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी त्या रकान्यात पुन्हा हेच लिहीन. आणि हात कॅमेऱ्यासमोर ठेवून लिहीन.