दोन बदामचा अर्थ

“डायरेक्टर!”

चार नंबरच्या टेबलावरून हात वर झाला तेव्हा मी चहाचा पहिला घोट घेत होतो. सकाळपासूनचा बारावा कॉल. पहाटेच्या एसटीने धुळ्याहून जळगावला आलो होतो. पाय भरून आले होते. शेवटचा राउंड चालू होता.

पत्त्यांमधल्या ब्रिजच्या स्पर्धेत डायरेक्टर म्हणजे पंच, आणि तो मी होतो. टेबलावर आबा होते, अमळनेरच्या कॉलेजातले गणिताचे निवृत्त प्राध्यापक. मला हा खेळ त्यांनीच शिकवला. त्यांच्या पार्टनर म्हणजे त्यांची धाकटी बहीण, एरंडोलच्या अक्का. ही जोडी पहिल्या नंबरवर होती.

ब्रिजमध्ये पार्टनरशी बोलता येत नाही. जे सांगायचं ते बोलीतून. अक्कांनी ‘वन नोट्रम्प’ म्हटलं होतं, म्हणजे हात भक्कम, पानं चारही रंगांत विभागलेली. त्यावर आबा ‘दोन बदाम’ म्हणाले. साध्या पद्धतीत याचा अर्थ, माझ्याकडे बदाम आहेत, इथेच थांब. पण या दोघांनी ‘ट्रान्सफर’ ठरवली होती. तिच्यात एक रंग बोलायचा आणि त्याच्या वरचा दाखवायचा. दोन बदाम म्हणजे हातात इस्पिक. मग पार्टनरने इस्पिक बोलायचं, म्हणजे डाव तो खेळतो, टेबलावर उघडी पडतात ती दुसऱ्याची पानं आणि भक्कम हात झाकलेला राहतो.

विरुद्ध जोडीतल्या डॉक्टरांनी अर्थ विचारला. अक्का म्हणाल्या, “ट्रान्सफर. इस्पिक दाखवतात.” आणि ठरल्याप्रमाणे ‘दोन इस्पिक’ बोलल्या. त्यावर आबा ‘तीन बदाम’ म्हणाले आणि तो डाव जिंकले.

डॉक्टरांची तक्रार सरळ होती. “आबा ट्रान्सफर विसरले होते. अक्कांचं उत्तर ऐकून त्यांना आठवलं, म्हणून तीन बदाम बोलून सावरलं.”

पार्टनरचं उत्तर विरुद्ध जोडीसाठी असतं. आपण ते न ऐकल्यासारखं खेळायचं.

मी आबांची पानं पाहिली. बदाम सहा, इस्पिक दोन.

“आबा, उत्तर कानावर आलं नसतं, तर दोन इस्पिकवर काय केलं असतं?”

मला वाटलं, काहीतरी कारण सांगावं त्यांनी. मी कदाचित मानलंही असतं.

“पास,” ते म्हणाले. “मला वाटलं असतं, हिच्याकडेच इस्पिक जास्त आहेत.”

“मग मला निकाल बदलावा लागेल.”

“बदल. बरोबर शे तुनं. मी इसरी गऊ.”

तो डाव ते दोन इस्पिकवर हरले, असं मी लिहिलं. जोडी तिसरी आली.

बक्षीस समारंभाआधी अक्का मला व्हरांड्यात भेटल्या.

“माझ्याकडे बदामचे एक्का, राजा, राणी होते, दोन बदामवरच मी थांबले असते तरी चाललं असतं. तो दोन बदाम म्हणाला तेव्हाच मला शंका आली. हल्ली विसरतो दादा. परवा घरचा रस्ता चुकला.”

“मग इस्पिक का बोललात?”

“ठरलं होतं ना तसं.”

त्यांनी पर्समधून कन्व्हेन्शन कार्ड काढलं. जोडीच्या ठरलेल्या बोली त्यावर लिहिलेल्या असतात. ट्रान्सफरच्या ओळीवर त्यांनी पेनाने काट मारली. “आता दोन बदाम म्हणजे बदाम. त्याला खेळायचंय अजून.”

निकाल नियमाप्रमाणे होता. तरी परतीच्या बसमध्ये डोळा लागला नाही.

नव्या जोड्या विचारतात, नोट्रम्पवर कोणती पद्धत चांगली. मी म्हणतो, दोघांपैकी जो जास्त विसरतो, त्याला झेपेल ती.