रुमालाखाली दिलेला हात

ज्या दिवशी मी अंबड सोडलं त्या दिवशी आठवडी बाजार होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, बैलबाजारात दलाली करायचे. पाया पडायला मी पिशवी घेऊन बाजारातच गेलो, तर ते एका गिऱ्हाइकाबरोबर सौद्यात अडकलेले. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. हजार की लाख हे दोघांना ठाऊकच असतं. बघणाऱ्याला काही कळत नाही, त्यामुळे सौदा फिसकटला तरी कुणाची मान खाली जात नाही. पण हात दाबून होकार दिला की तो फिरत नाही. मधेच हात काढला तर सौदा मोडला, म्हणून अण्णांनी काढला नाही. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "जाय जल्दी. गाडी चुकंल." मी वळून पाहिलं तेव्हा ते पुन्हा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत होते.

मला राग आला होता. राग मला लगेच येतो, हे तुम्हाला, गावात राहिलेल्यांना, माहीत आहे. माझ्यामागे जे पुण्याला आले त्यांना तर जास्तच माहीत आहे, कारण त्यांतल्या निम्म्यांना मीच कामाला लावलं.

पुण्यात मी एका सुपरमार्केट कंपनीच्या गोदामात पोती उतरवायला लागलो. तेव्हा तिची दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. हिंजवडीपासून हडपसरपर्यंत ती वाढत गेली आणि तिच्याबरोबर मीही. मला इंग्रजी येत नव्हतं, भाव पाडता येत होता. कंपनीचं गणित सोपं होतं. दुकानात वस्तूंचे प्रकार थोडे ठेवायचे, पण एकेकाची खरेदी मोठी करायची. व्यापाऱ्याचे पैसे मुदतीच्या आधी द्यायचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडून भाव असा काढून घ्यायचा की दुसऱ्या कुणाला तो परवडू नये. हे काढून घेण्याचं काम माझं. समोरचा उठून दारापर्यंत जायचा, मी त्याला जाऊ द्यायचो. तो परत यायचा. साखरवाले, डाळवाले, तेलवाले, सगळे परत आले. ते मला शिव्या देत असतील, द्याव्यात. मी घेतलेला भाव मात्र कधी बदलला नाही आणि कबूल केलेला पैसा कधी अडवला नाही.

मग शहरात मोबाइलवरून दहा मिनिटांत सामान घरपोच देणाऱ्या कंपन्या आल्या. आमच्या दुकानातली गर्दी विरळ झाली. साहेब लोक महिनाभर बैठका घेत बसले आणि ठरलं की आता तालुक्याच्या गावांकडे जायचं, तिथे ती दहा मिनिटंवाली मंडळी अजून पोचलेली नाहीत. नकाशावर अंबड दिसलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खूश झालो. खोटं कशाला सांगू? जिथून पिशवी घेऊन निघालो तिथे काचेचं दुकान उभं करायचं, यापेक्षा मोठं काय असतं?

जागा हवी होती जालना रोडला. तिथे माझ्या मामांची मोसंबीची बाग होती. विहिरीला पाणी होतं, झाडं ऐन भरात होती. मी मामांकडे गेलो, अण्णाही बरोबर आले. मामा आधी हसले. "दत्त्या, तुझ्या त्या मॉलात माझीच मोसंबी ठिवशीन ना रे? का माझ्यासंगं बी घासाघीस करून राह्यला?" मी म्हटलं, घासाघीस तर होणारच. मग त्यांनी अण्णांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला. "साहेबाचा कागूद येईल तवा येईल. आपला सौदा हातावर. काय दाजी, बराबर हाये ना?" अण्णांनी मान डोलावली; रुमाल त्यांचा, म्हणजे साक्षही त्यांचीच. साहेबांनी मला फोनवर भावाची वरची हद्द सांगितली होती, तिच्या बरंच खाली मी मामांना आणलं. मामाही कच्चे नव्हते, तीनदा बोटं झटकली. शेवटी मी हात दाबला. त्यांनीही दाबला. मामींनी चहात साखर जास्त टाकली.

साहेबांना कळवलं. ते म्हणाले, शाब्बास. कंपनीचे मोजणीवाले आले, चुन्याच्या रेघा मारून गेले आणि जाताना मामांना सांगून गेले, झाडं दिसली की परवानगीला अडचण होते, जागा मोकळी करून ठेवा. मामांनी मला फोन केला. "काढू का रे?" मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, काढायला सांगा. मी मामांना सांगितलं, काढा. माझं काय चुकलं ते अजून कुणी मला दाखवून दिलेलं नाही.

झाडं पडल्यावर पंधरवड्यात बेत रद्द झाला. दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी उघडलेलं दुकान चालेना. लोक यायचे, स्वस्त साखर आणि तेल उचलायचे, बाकी किराणा आपल्या ओळखीच्या उधारीवाल्याकडून घ्यायचे. नुसत्या साखर-तेलावर काचेचं दुकान उभं राहत नाही, हे मलाही कळतं. म्हणून मी साहेबांना म्हटलं, दुकान काढू नका, पण जमीन घ्या. सौदा झाला आहे.

"करार कुठे झालाय?" साहेब म्हणाले. "आपण फक्त चौकशी केली होती."

"मी हात दिलाय."

"हात?" ते हसले. शेजारी बसलेली वकील बाईही हसली. मी टेबलावर असा पंजा मारला की तिचा चहा सांडला. चार दिवसांनी माझी बदली पुन्हा गोदामात झाली. पगार तोच ठेवला. त्यांना वाटलं, त्यात सगळं आलं.

मी माझी पुंजी घेऊन मामांकडे गेलो. ते अंगणात बसले होते. त्यांनी नोटांकडे पाहिलंसुद्धा नाही. "पैसं कशाला आणले रे दत्त्या? बागेला वर्सं लागत्यात. ती हायेत का तुझ्या कंपनीकडं? आसतील तर घिऊन ये." मी खूप बोललो. साहेबांनी मला कसं फसवलं, मी कसा भांडलो, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोठ्यात निघून गेले.

माझं सोडा, अण्णांचं ऐका. पुढच्या बाजारी ते नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. एका हेड्याने, गुरांच्या व्यापाऱ्याने, चारचौघांत विचारलं, "अण्णा, हात तुमचाच हाये ना? का कंपनीचा?" लोक हसले. ज्या माणसाच्या हातावर आयुष्यभर कुणी शंका घेतली नव्हती तो त्या दिवशी एकही सौदा न करता घरी आला. नंतर गेलाच नाही. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

पुण्यातले तुम्ही म्हणता, सोड, गावाकडचे लोक असेच. गावातले तुम्ही म्हणता, कंपन्या अशाच. दोघांनाही घरी जाऊन जेवायला मिळतं. मी आता अंबडला पाचोडच्या बाजूने शिरतो, जालना रोड टाळतो.

यंदा पुतणीच्या लग्नाला गेलो. पंगत बसली होती आणि मामा बुंदी वाढत होते. माझ्या पानापाशी आले. मला वाटलं, आता शिवी येणार. आली असती तर बरं झालं असतं, मी तयारच होतो. मामांनी वाकून भरपूर बुंदी घातली, वर तूपही मागवलं. "घ्या न पाव्हणं," ते म्हणाले, "लाजू नका. लांबून आलात तुम्ही."

माझ्या मामाने मला जन्मात कधी अहो म्हटलं नव्हतं. मी पानावर हात आडवा धरला. मी म्हटलं, "बस, बस, मामा. पुरे." ते पुढच्या पानाकडे गेले आणि तिथे बसलेल्या पोराला म्हणाले, "खाय रे गधड्या, पोटभर खाय."