झोळीचा पीळ दाखवणारे आमचे सर

रात्रभर डोळा लागला न्हाई. माझ्या पोरीच्या काळजाला भोक हाय आन पुढच्या आठवड्यात पुण्याला ऑपरेशन हाय. ती झोपली तरी मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसती. सरांच्या पंच्याहत्तरीच्या पुस्तकासाठी लिहा म्हनून निरोप आला हुता. म्हनलं, जागीच हाय तर लिहिती. माझं शिक्शान सातवी, सांभाळून घ्या.

सर कालिजातनं रिटायर होऊन आमच्या मार्गासनीला ऱ्हायला आले, तवा मी त्यांच्याकडं दूध घालायची. एकदा माझा धाकटा भाऊ नितीन संगट आला. सरांनी त्याला इचारलं, "भोवरा थांबतो. इलेक्ट्रॉनचं फिरणं का थांबत नाही?" नितीन किटली धरून तितंच उभा. दुसऱ्या दिवसापासनं तो रोज तिकडंच. सांजच्याला आमी भावंडं पायरीवर शेंगा फोडत बसायचो, ते बंद झालं. मला सरांचा लई हेवा वाटायचा. आजून वाटतो.

त्यांचं काम मला पोरीच्या बारशाला कळलं. झोळीकडं बोट करून सर म्हनले, "बाळाच्या वजनानं कापड झुकतं ना? तशी वजनानं जागा आणि वेळ वाकते, हे जग मानतं. पण बाळ आतल्या आत गरगर फिरलं तर दोरीला पीळ बसेल. पदार्थाच्या कणांना स्वतःचं फिरणं असतं. त्यानं जागेला पीळ बसतो का, हे मी आयुष्यभर शोधतोय." बोलता बोलता त्यांनी झोळीच फिरवली.

नितीन म्हनला, "पण सर, पदार्थ जिथं आहे तिथंच पीळ. बाहेर नाही."

"हां, तिथंच तर मजा आहे."

आन दोघं खाली बसून फरशीवर खडूनं लिहायला लागले. इकडं झोळी उलटी फिरत सुटली, पोरगी किंचाळली. म्या झोळी धरली आन म्हनलं, "सर, ती पोर हाय, इलेक्ट्रॉन न्हाई."

सर गडबडीनं उठले, पोरीम्होरं हात जोडले. "बाईसाहेब, चुकलो." मग ती झोपंस्तवर सोता दोरी धरून बसले. तिच्या मामानं, नितीननं, फरशीवरनं मान वर केली न्हाई.

शिवऱ्याच्या शाळंत त्यांचा सत्कार हुता. सरपंच म्हनले, सरांनी मोठा शोध लावला. सर लगेच उठले. "शोध नाही, शंका आहे. हा पीळ अजून कुणाला मोजता आलेला नाही. माझं चुकतही असेल." माझ्या शेजारी सासूबाई मोठ्यानं म्हनल्या, "मंग हार कशाला घेतला?" सरांनी हार काढला, खाली आले आन त्यांच्याच गळ्यात घातला. सासूबाई आता सरांबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत न्हाईत.

दूध पिताना पोरीला धाप लागती, हे पयलं सरांच्याच ध्यानात आलं. आपल्या गाडीनं भोरच्या दवाखान्यात घेऊन गेले. वाटंत येकदा पन "काही होत नाही" म्हनले न्हाईत. म्हनले, "मला माहीत नाही. पण मी थांबतो." दिवसभर बाकड्यावर थांबले. असल्या मानसावर राग तरी कसा धरायचा?

सर, तुमी शंभरी गाठा. गुडघं धड ऱ्हावोत. आन तो पीळ कुनीतरी मोजलेला तुमी तुमच्या डोळ्यानं बघा.

आता छापायच्या आधी जे कोन हे वाचंल त्याला सांगती. पोरीचं जावळ राहिलंय. आमच्यात ती पयली केसं मामाच्या मांडीवर बसवून काढत्यात. तशीच तिला ऑपरेशनला आत द्यायची माझी छाती न्हाई. नितीन सरांचंच काम शिकून आता परदेशात. माझा फोन आला की "ताई, नंतर करतो" म्हनून ठिवतो, ऑपरेशनचं सांगूच देत न्हाई. सर फोन करतो म्हनले, म्याच नको म्हनलं. सरांच्या एका शब्दावर तो यील, पन मंग तो सरांसाठी आलेला आसंल. तुमी त्याच्या कामातली मानसं, तुमचा फोन तो उचलील. नंबर पुस्तकवाल्यांकडं हाय. तेवढा फोन करा. सरांचं नाव काढू नका. म्हनावं, बहिणीनं बोलावलंय.