एकही भोक नसलेलं लिंबू

फुकट आलेल्या झाडाचं पान तुम्ही कधी उलटून पाहिलंय का? नाही ना? दारात कुंडी ठेवून घेतलीत आणि देणाऱ्याला चहा पाजलात. आमच्या शेजारच्या मीटरबाईंनी मात्र पाहिलं, म्हणून त्यांच्या धाकट्या बहिणीचा चेक अजून तिच्याच पर्समध्ये आहे.

मीटरबाई म्हणजे एकतीस वर्षं दारोदार फिरून पाण्याचे मीटर वाचलेली बाई. त्या निवृत्त झाल्या, त्यांची नजर नाही झाली. दूधवाला गोड हसला तर त्या दिवशी त्या पिशवी दोनदा हातात तोलून बघतात. मागच्या अंगणात वीसेक कुंड्या, भिंतीला लागून एक जुनं लिंबू आणि एक सरडा. त्या सरड्याला त्या 'साहेब' म्हणतात, कारण तो दिवसभर बसून मान हलवतो. रोज सकाळी वही घेऊन बागेची फेरी. वहीच्या डाव्या पानावर बाग, उजव्या पानावर ठेवी आणि फंड. डावीकडे 'मिरचीवर मावा', उजवीकडे 'फंड घसरला, हात लावायचा नाही'. निवृत्तीच्या पैशांचं सगळं त्या स्वतः बघतात. एजंट फाटकाच्या आत येत नाही.

अशा बाईचा जीव मात्र लिंबावरच्या अळ्यांवर. लहानपणी त्या अळ्या पाखराने घाण टाकल्यासारख्या दिसतात, मग हिरव्यागार होतात, आणि डिवचलं की डोक्यातून लाल शिंगं बाहेर काढतात. पानं कुरतडून पार चाळण करतात. मी एकदा म्हणालो, झटकून टाका की. तर म्हणाल्या, "खाऊ दे. खाऊन उडून जातात, जाताना फुलपाखरू दाखवतात. तुमच्या पुढाऱ्यांनी खाऊन काय दाखवलं?"

मला त्या पुढारीच म्हणतात. अर्ज-निवेदनं घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला लोक काहीही म्हणतात.

तर एका रविवारी धाकटीचा जावई कुंडी घेऊन आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. लोकांचे पैसे एका कंपनीत गुंतवून देतो. "मावशी, कंपनीकडून भेट." लिंबाचं रोप, पानं अशी की पुसून ठेवलेली. जावयाला फाटकाबाहेर उभं करता येत नाही, म्हणून बाईंनी कुंडी घेतली. सोबत त्याने धाकटीच्या खात्याचा कागदही दाखवायला ठेवला. तिने सव्वादोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक लाख ठेवले होते. आता नवऱ्यामागे एकटीला झेपेना म्हणून तिने फ्लॅट विकला होता, आणि ते सगळेच पैसे त्याला द्यायचं ठरत होतं. म्हातारपणाची काठी म्हणा, दुसरं तिच्याकडे काहीच नाही.

आठवडाभरात फुलपाखरू नव्या रोपावर अंडी घालून गेलं. अळ्या निघाल्या आणि तिसऱ्या दिवशी काळ्या पडून लोंबू लागल्या. एकूण सात.

बाई थेट माझ्या दारात. "पुढारी, डासांचं औषध मारलंत ना?"

"मारलं, माझ्या घरात मारलं!"

"माझी सात पोरं मेली."

माझं डोकं फिरलं. जगाशी भांडून घरी यावं आणि इथे अळ्यांचा खून अंगावर! मी भिंतीवरून ओरडलो, "माझ्या भिंतीला तुमचं जुनं लिंबू लागून आहे. आधी त्याच्यावरच्या मोजा, मग आळ घ्या!"

त्या गेल्या. जुन्या लिंबावर अळ्या खाऊन टम्म. नवं रोप माझ्यापासून वीस पावलं लांब, आणि त्याच्या एकाही पानाला भोक नाही. म्हणजे विष त्या भेटीच्या रोपावर आधीच मारलेलं, पानं चकचकीत दिसावीत म्हणून. माफी-बिफी त्यांच्या रक्तात नाही. भिंतीपलीकडून म्हणाल्या, "चहा घेणार का?"

मग चहा तसाच ठेवून त्यांनी धाकटीच्या खात्याचा तो कागद काढला. सव्वीस महिने, दर महिन्याला सव्वा टक्का नफा. ना कमी ना जास्त.

"पुढारी, आमच्यातले काही जण टपरीवर बसून रीडिंग लिहायचे. घरी जायचेच नाहीत. मी त्यांना कशी पकडायची माहितेय? त्यांचे आकडे नीटनेटके असायचे. खऱ्या घरात पाहुणे येतात, नळ गळतो, कोणी आजारी पडतं. पाणी कधी एका रेषेत चालत नाही. या कागदालाही एकही भोक नाही बघा."

पुढच्या रविवारी जावई आणि धाकटी चेक द्यायला-घ्यायला त्यांच्याकडेच आले. मोठ्या बहिणीसमोर द्यायचा म्हणून. मलाही साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

"जावईबापू, शेवटचा तोटा कधी झाला?"

"तोटा? मावशी, आमच्याकडे तोटा होतच नाही."

"मग धाकटीचे ते एक लाख आधी परत द्या. त्याच हातानं मोठा चेक घ्या."

"आत्ता काढले तर तिचं नुकसान होईल ना."

"आत्ता तर म्हणालात, तोटा होतच नाही!"

जावई हसला, पण फक्त तोंडाने. धाकटीच्या डोळ्यांत पाणी. "ताई, माझ्या लेकीचा संसार आहे गं तो. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतलास, आता माझ्या जावयावर?"

"पुढाऱ्यावर घेतला होता, चुकले," बाई म्हणाल्या. मी कान टवकारले. माफी तेवढीच. "इथेही चुकले तर लाख घरी येतील, आणि मी सगळ्यांसमोर कान धरीन. तुझं जातं काय?"

धाकटीने पर्सची चेन ओढून बंद केली. मग म्हणाली, "लाख येऊ देत आधी."

याला अकरा आठवडे झाले. लाख आले नाहीत. कधी सही राहिली, कधी कंपनीचे साहेब बाहेरगावी. भाचीने मावशीशी बोलणं टाकलंय. धाकटी येते, पण बसत नाही. बाईंना हे आतून लागतं, पण वहीत रोज लिहितात: 'नाही आले.' तो माणूस चोरच आहे असं मी म्हणत नाही. माझ्या हातात पुरावा नाही. पण तो अजून आमच्या गल्ल्यांमधून हिंडतोय, आणि त्याच्या गाडीच्या मागे लिंबाच्या कुंड्या असतात.

तुमच्या दारात तशी कुंडी असेल तर एवढं करा: उद्याच त्याच्याकडे तुमचे थोडे पैसे परत मागा, आणि काय उत्तर मिळालं ते मीटरबाईंच्या फाटकाशी येऊन सांगा.