बिनरंगी पाणी

बिराजदार सर कॉलेजला येताना रोज नाल्याच्या पुलावर स्कूटर थांबवायचे आणि वाकून खाली बघायचे. वरच्या अंगाला टॉवेल-चादरींचं सूत रंगवणारा कारखाना होता, त्याचं उरलेलं पाणी नाल्यात यायचं. प्रयोगशाळेत शिरताशिरता सर मला सांगायचे, "मॅडम, आज जांभळा हाय. चादरीची ऑर्डर दिसतीया." मीही रसायनशास्त्रच शिकवत होते, पण त्या पुलावरून नाक दाबून जाणाऱ्यांपैकी.

सर सीमेलगतच्या मंद्रूप गावचे. घरात कानडी, वर्गात मराठी आणि दोन्हीकडे एकच पालुपद, "होगली बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड. बढती हुकली, होगली बिडू. ज्युनिअर माणूस डोक्यावर येऊन बसला, होगली बिडू. इतकं सगळं सोडून देणाऱ्या या माणसाने नाल्याचं पाणी मात्र घट्ट धरून ठेवलं होतं.

कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कात त्यांनी चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण तयार केले आणि ते वाळूवर बसवले. रंगाच्या पाण्यात ती वाळू आणि एक पांढरी पावडर टाकली की रंगाचे रेणू तुटायचे, कण मात्र तसेच राहायचे, पुन्हा कामाला तयार. लालभडक पाणी बघताबघता नितळ व्हायचं. कॉलेजने त्याचा जाहीर कार्यक्रम ठेवला. कारखान्याचे मालक पहिल्या रांगेत. पाणी नितळ झालं तशा टाळ्या पडल्या. सरांनी तो ग्लास उचलून मालकांपुढे धरला आणि शांतपणे म्हणाले, "प्या की."

मालक हसले. सर हसले नाहीत. "रंग गेला म्हंजे पाणी झालं न्हाय. रंग तुटला, त्याचे तुकडे हितंच हायत, आन् त्यातले काही रंगापेक्षा वाईट. हे अर्धं काम हाय. तुकडे संपवायला दुसरी टाकी बांधल्याबिगर हे वापरू नका." मालकांनी मान डोलावली आणि तेवढं अर्धं काम उचलून नेलं. त्यांना पाणी साफ करायचंच नव्हतं, लोकांच्या तक्रारी बंद करायच्या होत्या.

नाला बिनरंगी वाहू लागला. पेपरात सरांचा फोटो आला, प्राचार्यांनी पेढे वाटले. सर पेढा टेबलावर ठेवून दुसऱ्या टाकीसाठी सरकारी कार्यालयांचे उंबरे झिजवत राहिले. प्रत्येक साहेब म्हणायचा, "सर, स्वच्छ तर दिसतंय." दिसतंय या शब्दाची सरांना शिसारी बसली.

मग एका सकाळी पुलावरून त्यांना एक बाई दिसली. नाल्यात मेथीच्या जुड्या धूत होती. सर धावत खाली उतरले, तिला समजावू लागले. ती म्हणाली, "काचंवानी पानी हाय की. शिकल्याली मानसं तुमी, उगं कशाला भ्या दाखवताव?"

प्रयोगशाळेत आल्यावर त्यांनी ओले बूट काढून ठेवले. मग म्हणाले, "जांभळ्या पाण्यात तिनं कधी हात घातला नसता, मॅडम. तो रंगच धोक्याची पाटी व्हता. मी ती पुसली."

दुसऱ्या दिवसापासून सर जिलेबीवाल्यांकडचा खायचा रंग बाटलीत कालवून पुलावरून नाल्यात ओतू लागले. कारखान्याच्या वॉचमनने मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं. सात रस्ता चौकातल्या चहाच्या टपरीवरही लोक ते बघून हसत होते. प्राध्यापकच नाला घाण करतो म्हणे. चौकशीत सर एवढंच बोलले, "खायचा रंग हाय तो. तुमच्या बिनरंगी पाण्यापेक्षा पिलेला बरा." त्यांना निलंबित केलं. कारखान्याला कोणी काही विचारलं नाही.

निरोप घेताना मी म्हटलं, "सर, आता तरी होगली बिडू म्हणा." त्यांनी मान हलवली. "हे माझ्या हातनं झालंय. हे कसं सोडू?"

निलंबनातच ते हृदयविकाराने गेले. शोकसभेत त्याच प्राचार्यांनी त्यांना नाला स्वच्छ करणारा शास्त्रज्ञ म्हटलं. मला त्यांच्या हातातला माईक हिसकावून घ्यावासा वाटला, इतका संताप आला.

परवा बाजारात मेथी घेत होते. पानांवर पाणी चमकत होतं. विकणाऱ्या म्हातारीला विचारलं, "कुठं धुतली, मावशी?"

"नाल्यावर की. आता लई साफ हाय पानी. कालिजातल्या कुण्या सरांनी केलंय म्हनं. देव त्यांचं भलं करो."