सात आठे किती

ही माझी सख्खी धाकटी बहीण. मी सातवी नापास, पण हिनं झाडांखाली शाळा काढली. आहे कुणाच्या घरात अशी? पोरांना घाई करायची नाही, एवढाच तिचा नियम.

तपासणीला साहेब आले. एका पोरीला विचारलं, "सात आठे किती?"

"थांबा हं काका, मोजून आणते." पोरगी वाळकी पानं वेचायला पळाली.

साहेब घड्याळ बघायला लागले. मी बहिणीला म्हटलं, "अगं, सांगून टाक की छप्पन!"

"तिचं उत्तर तिलाच आणू दे, दादा."

पोरगी ओच्यात छप्पन पानं घेऊन आली, तोवर साहेब 'मुलांना काही येत नाही, मान्यता रद्द' असं लिहून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाप दाखले मागायला रांगेत उभे राहिले. बहिणीनं सगळे दाखले सुवाच्य अक्षरात लिहून दिले.